तेवीस जोडप्यांचं पान

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात वेबसाइट बनवायचं काम चालायचं. खालच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं पाडणारं मशीन होतं, त्यामुळे वर बसणाऱ्या सात जणांच्या टेबलांना दिवसभर बारीक थरथर असायची. त्या सातांत सुलक्षणा घाडीगावकर सगळ्यांत जुनी. बाप परळच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर चारकोपला येऊन एका सोसायटीत वॉचमन झाला, आणि त्या पगारात त्याने हिचा डिप्लोमा पुरा केला.

तिचं काम कोड लिहिण्याच्या आधीचं. गिऱ्हाईक येऊन काय हवं ते सांगून गेलं की साइटला किती पानं लागतील, त्यातली कुठली एकदाच लिहून ठेवायची आणि कुठली दर वेळी माहिती गोळा करून नव्याने तयार व्हायची, हे ती ठरवायची. गाळ्याच्या भिंतीवर ती कागदाच्या पट्ट्या चिकटवायची. पांढरी पट्टी म्हणजे स्टॅटिक, पिवळी म्हणजे डायनॅमिक. गिऱ्हाइकाला सांगायची, “दुकानावरची पाटी एकदा रंगवली की सगळ्यांना सारखीच दिसते. आतल्या फळ्यावरचा भाव मात्र रोज पुसून लिहावा लागतो. सगळंच फळ्यावर लिहायला गेलात तर काम वाढतं, बिघाड वाढतो. सगळंच पाटीवर रंगवलंत तर लोकांना शिळं दिसतं.” मग ती विचारायची, हे पान सगळ्यांना सारखंच दिसणार का, यातलं काय बदलणार, आणि ते बदलणार कोण. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक गिऱ्हाइकं गप्प व्हायची.

दोन हजार पंधरा साली बोरिवलीच्या एका वधूवर मंडळाचं काम आलं. मंडळ चालवणाऱ्या उत्तराताई निवृत्त शिक्षिका होत्या. वर्गात बोलल्यासारख्याच बोलायच्या, समोरचा चुकलाय असं धरून. त्यांना ‘यशस्वी विवाह’ नावाचं एक पान हवं होतं. जमलेल्या लग्नांचे फोटो आणि प्रत्येकाखाली त्या जोडप्याने लिहिलेली एक ओळ.

“हे स्टॅटिक ठेवू,” सुलक्षणा म्हणाली. “लग्न झालं की झालं. त्यात बदलायचं काय?”

ताईंना पोरगी आवडली. त्यांनी तिचंच नाव मंडळात घातलं, आणि दोन वर्षांनी मुलुंडचं स्थळ आणलं. निलेश, विमा कंपनीत नोकरी, घरी आई. लग्न झालं. सुलक्षणाने स्वतःचा फोटो स्वतःच्या हाताने त्या पानावर लावला. तो तेविसावा. नीट दिसतोय ना, म्हणून तिने ऑफिसातल्या तिघांच्या मोबाइलवर तो उघडून बघितला होता.

संसार एकोणीस महिने टिकला. त्या घरात मारझोड नव्हती. मायलेक ठरवून तिच्याशी बोलणं बंद करायचे. आठ-आठ दिवस. ती चहा घेऊन आली की दोघं गप्प, ती आत गेली की पुन्हा हसणं सुरू. असं सहा-सात दिवस झाले की ती कधीतरी रडायची, ओरडायची, आणि मग निलेश शांतपणे मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घ्यायचा. “रड अजून. उपयोगी पडेल,” म्हणायचा. एका रविवारी त्याने तिला चारकोपला सोडलं, चार दिवस राहून ये म्हणाला. तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो आला. त्यात तिचं सामान होतं आणि सोबत निलेशच्या अक्षरात यादी. साड्या चौदा, कुकर एक, चपलांचे जोड तीन. सामान मिळाल्याची सही टेम्पोवाल्याने तिच्या वडिलांकडून घेतली.

“ह्या काय गो?” वडिलांनी यादी हातात धरून विचारलं.

घटस्फोट झाला. फोटो मात्र पानावर राहिला. वर्षभर तिने तिकडे बघायचं टाळलं, आणि एक दिवस दुपारी सगळे जेवायला गेले असताना तो काढून टाकला. दोन दिवसांत उत्तराताईंचा फोन आला. चंद्रप्रकाश, म्हणजे कंपनीचे मालक, यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“तेवीस होते, बावीस कसे झाले?” ताई विचारत होत्या.

सुलक्षणाने सांगितलं.

“अगं, मग काय झालं? मुंडावळ्यांत सगळ्या मुली सारख्याच दिसतात. तुला कोण ओळखणार आहे? आणि निलेश दिसायला चांगला आहे त्यात. राहू दे.”

चंद्रप्रकाश तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “पान क्लायंटचं आहे, तुझं नाही. लाव परत.”

“सर, दुसऱ्या कोणाला तरी सांगा ना.”

“तूच काढलास, तूच लाव. मी बघतोय.”

तिने फोटो परत लावला. खाली तिचीच ओळ होती, ‘मनासारखं घर मिळालं.’ तीही परत लिहायला लागली, कारण ती तिने पुसून टाकली होती. मागे उभं राहून चंद्रप्रकाशांनी एक चूकही दाखवली. ‘मनासारखं’वरचा अनुस्वार राहिला होता.

पुढे तीन वर्षांनी मंडळाने जुनी साइट मोडून सगळं नव्याने करायला घेतलं. मोबाइलवरून नाव नोंदवायचं, पत्रिका चढवायची, हवं तसं स्थळ शोधायचं. आखणी अर्थातच सुलक्षणाकडे. तिने भिंत पट्ट्यांनी भरली. मंडळाची माहिती, नियम, पत्ता या पांढऱ्या. शोध, पसंती, भेटीची वेळ या पिवळ्या. प्रत्येक सदस्याचं स्वतःचं पान हेही पिवळं, कारण ते एकच पान साडेचार हजार माणसांसाठी साडेचार हजार प्रकारे तयार व्हायचं होतं. काम मनाजोगतं चाललं होतं. जुनी नोंदवही नव्या साच्यात बसते का ते पाहायला तिने काही ओळी उघडल्या, आणि त्यांत निलेशचं नाव निघालं. नोंद ताजी होती. घटस्फोटित, वय बेचाळीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पत्नीचा मानसिक विकार. व्हिडिओ उपलब्ध.’

तिने ते दोनदा वाचलं. मग जिन्यात जाऊन ताईंना फोन लावला.

“मुलाकडचे सांगतात ते आम्ही लिहितो,” ताई म्हणाल्या. “कोणाचं खरं, कोणाचं खोटं, मी कुठे तपासत बसू? तूही नाव घाल की. तुझं कारण तू लिही. सवलतीत घेते.”

पुढच्या बैठकीत सुलक्षणाने ‘यशस्वी विवाह’ची पट्टी पांढरी काढून पिवळी लावली. तिचा मुद्दा साधा होता. हे पान सदस्यांच्या नोंदीशी जोडू या. जोडप्यातल्या कोणी नव्याने नाव घातलं तर फोटो आपोआप निघून जाईल. एकाच साइटवर एक माणूस सुखी नवरा आणि दोन पानं पुढे बायको शोधतोय, हे बरं दिसत नाही.

“म्हणजे माझी जोडपी आपोआप गायब होणार?” ताई म्हणाल्या. “काही नको. लोक ते पान बघून पैसे भरतात.”

“स्टॅटिकच ठेव,” चंद्रप्रकाश म्हणाले. मग ताईंकडे वळून हसले. “आमच्या मॅडमचा जरा पर्सनल विषय आहे तो.”

ताईही हसल्या. बैठकीला आलेली बाकीची तिघं कागदाकडे बघू लागली. सुलक्षणाने पिवळी पट्टी काढली आणि पांढरी परत लावली.

त्या आठवड्यात तिने दुसरी गोष्ट केली. आखणीचा कागद अकरा पानांचा होता. सातव्या पानावर, सदस्याच्या पानात काय काय दिसेल त्या यादीत तिने शेवटी दोन शब्द वाढवले, ‘मंडळातील पूर्वनोंद’. अर्थ असा की त्या सदस्याचं लग्न आधी मंडळातून जमलेलं असेल, तर तो फोटो आणि खालची ओळ त्याच्या पानावर दिसेल. निलेशचं स्थळ बघणाऱ्या प्रत्येक मुलीला कळू दे, की जिला हा वेडी म्हणतो तिने लग्नाच्या दिवशी काय लिहिलं होतं. उत्तराताईंनी कागद उलटून अकराव्या पानावर सही केली. चंद्रप्रकाशांनी तेवढंही केलं नाही.

जोडणी करायला प्रत्येक फोटोला सदस्य क्रमांक लागत होते. फक्त एकाच फोटोला क्रमांक दिला असता तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. म्हणून तिने मंडळाच्या रजिस्टरमधून, फोटोंच्याच क्रमाने, तेवीस जोडप्यांचे सेहेचाळीस क्रमांक उतरवून काढले आणि एका दमात टंकले. तिला त्यांतल्या एकाच क्रमांकाची पडली होती. तपासणीला तिने तोच उघडला. निलेशचं पान आलं, त्याच्याखाली फोटो, त्याच्याखाली ओळ. तिला मनापासून बरं वाटलं. त्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांना वडे मागवले.

साइट सुरू होऊन दहा दिवस झाले, आणि उत्तराताई रिक्षा करून थेट गाळ्यावर आल्या. त्यांना उभ्याने दम लागला होता, पण बसल्या नाहीत.

“जोगेश्वरीच्या मधुवंतीचं लग्न मोडलं तुमच्यामुळे.”

सुलक्षणाला नाव आठवेना. ताईंनी सांगितलं ते असं. मधुवंती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सात वर्षांपूर्वी मंडळातूनच लग्न झालं, नवरा काविळीने गेला. चार वर्षांनी मोठ्या मुश्किलीने ती पुन्हा तयार झाली. घाटकोपरचं स्थळ जमत आलं होतं. रविवारी दोन्हीकडची माणसं साखरपुड्याची तारीख काढायला मुलाकडे बसली होती. पत्रिकेतली जन्मवेळ बघायला मुलाच्या मावशीने मोबाइलवर मधुवंतीचं पान उघडलं. खाली फोटो आला. मुंडावळ्या बांधलेली मधुवंती, शेजारी गेलेला नवरा, आणि तिने तेव्हा लिहून दिलेली ओळ, ‘याच्यासारखा जोडीदार पुन्हा मिळणे नाही.’

मावशीने ती मोठ्याने वाचली. मोबाइल एकेकाच्या हातातून फिरत शेवटी मधुवंतीकडे आला. आपल्या पानावर असं काही आहे, हे तिला तेव्हा कळलं. सोमवारी सकाळी मुलाकडून नकार आला.

“टेक्निकल एरर असेल ताई,” चंद्रप्रकाश म्हणाले. त्यांनी चहा मागवला, ताईंना बसवलं, तासाभराने रिक्षापर्यंत सोडून आले. वर आल्यावर त्यांनी आखणीचा कागद काढला, सातवं पान उघडलं आणि सुलक्षणासमोर टाकलं.

“हे नवऱ्यासाठी केलंस ना?”

चंद्रप्रकाशांनी तिच्याच कॉम्प्युटरवर नोंदी उघडल्या. कुठलं पान कधी आणि कुठून उघडलं गेलं, ते त्यात दिसत असे.

“बघ. त्याचं पान दहा दिवसांत तीन वेळा उघडलंय. तिन्ही वेळा या ऑफिसातून. म्हणजे तूच.” त्यांनी माउस बाजूला सारला. “त्याचं जमलंय. ताईंनी फोनवरच जमवलं, साइट सुरू व्हायच्या आधी. डिसेंबरमध्ये लग्न आहे. तुझं हे बघितलंय कोणी, तर त्या जोगेश्वरीवालीने.”

तिला वाटलं आता ते आपल्याला नोकरीवरून काढून टाकतील. पण चंद्रप्रकाशांना तसं परवडणारं नव्हतं. “उरलेलं काम कोण करणार? डिसेंबरपर्यंत थांब, मग जा. आणि त्या बाईला मेल टाक. तांत्रिक बिघाड, क्षमस्व. कंपनीच्या नावाने. तुझं नाव नको.”

तिने जोडणी काढली. मेलही लिहिला. तो चार ओळींचा होता आणि त्यातली एकही खरी नव्हती.

रविवारी ती जोगेश्वरीला गेली. पत्ता नोंदीत होताच. गुंफेच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार मधुवंतीने उघडलं. चौतिशीची, सडपातळ, केस धुवून मोकळे सोडलेले. सुलक्षणाने दारातच नाव सांगितलं आणि म्हणाली, “तो मेल खोटा आहे. बिघाड नव्हता. ते मी केलं.”

मधुवंतीने तिला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. निलेश, टेम्पो, रकान्यातला शब्द, सातवं पान.

“माझा नंबर तुम्हीच टाकलात?”

“हो.”

“टाकताना नाव वाचलंत?”

“नाही. नुसते नंबर होते.”

“सेहेचाळीस ना? किती वेळ लागला असता वाचायला?”

सुलक्षणाने मनात हिशेब केला. पाच मिनिटं लागली असती.

“तुमच्याशी जे झालं ते वाईट झालं,” मधुवंती म्हणाली. “पण ते मला सांगून माझं काय होणार? तुम्हाला मोकळं वाटेल तेवढंच.” मग तिने स्वतःचा मोबाइल उचलला, एक नंबर काढला. “मिहिरची, त्या मुलाची आई. सुगंधाबाई. त्यांना सांगा हेच सगळं. तो फोटो मी लावला नव्हता, ती ओळ सात वर्षांपूर्वीची आहे, आणि मला काहीही माहीत नव्हतं. स्पीकरवर टाका. मला ऐकायचंय.”

सुलक्षणाने फोन लावला. आपण कोण ते सांगितलं. चूक सर्वस्वी आपली, मधुवंतीचा काडीचाही संबंध नाही, असं दोनदा म्हणाली. हवं तर येऊन सांगते, लिहून देते, म्हणाली. पलीकडून सुगंधाबाई मध्ये न बोलता ऐकत होत्या. आवाज गोड होता त्यांचा.

“मुली, एवढं मनाला लावून घेऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “फोटो दिसला नसता तरी आम्ही नाहीच म्हणणार होतो. मिहिरच्या वडिलांना विधवा मुलगी पसंतच नव्हती गं. तो हट्टाला पेटला म्हणून आम्ही बैठकीपर्यंत आलो. आता नाही कसं म्हणायचं, याचाच घोर होता आम्हाला. तुमच्या त्या फोटोने सोपं झालं. आमचा मिहिरही मग फार बोलला नाही. तू नीज शांत.”

फोन बंद झाला. खोलीत पंखा फिरत होता. खालून कोणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं.

सुलक्षणाला आतून एकदम हलकं वाटलं. ते हलकेपण तिने मुद्दाम आणलं नव्हतं, तिला ते अडवताही आलं नाही. आपण मोडलं नाही, मोडणारच होतं. क्षणभरच वाटलं ते, पण तेवढ्यात तिने मान वर केली आणि मधुवंती तिच्याकडेच बघत होती.

“सुटलात,” मधुवंती म्हणाली.

“तसं नाही हो…”

“चेहरा बघितला मी तुमचा.” ती उठली, मोबाइल चार्जिंगला लावला. पाठमोरीच म्हणाली, “काल रात्री मिहिरचा मेसेज आला होता. आईची समजूत काढतो, महिनाभर थांब, असा. मी थांबणार होते. तुम्ही आला नसतात तर थांबलेच असते.”

“मी फोन करायला नको होता.”

“मीच लावायला सांगितला ना? जा आता तुम्ही. आणि माझं नाव काढा तिथून. सगळंच.”

सोमवारी चंद्रप्रकाश यायच्या आधी सुलक्षणाने मधुवंतीची नोंद काढून टाकली. या वेळी नाव वाचून. ‘यशस्वी विवाह’वरचा तिचा फोटोही काढला. उत्तराताईंचा फोन आला, बावीस झाले म्हणून, तेव्हा तिने सरळ सांगितलं की हो, बावीसच राहतील. ताईंना त्याची फार फिकीर नव्हती. डिसेंबरात निलेशचं लग्न झालं आणि तेवीस पुन्हा भरले. जुना फोटोही त्यांनी काढला नाही. वर सुलक्षणाबरोबरचा निलेश, तळाला नवीन बायकोबरोबरचा निलेश, दोन्ही एकाच पानावर. कोणी हटकलं नाही.

मधुवंतीचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही. मिहिरचं जमलं की नाही, हेही नाही. विचारायचं कोणाला आणि कोणत्या तोंडाने. एकदा रस्त्यात लॅबची पाटी दिसली तेव्हा ती पलीकडच्या फुटपाथवर गेली, आणि मग ती लॅब निराळीच निघाली.

आता सुलक्षणा अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत असते. काम तेच, पानांच्या आखणीचं. कुठलाही नियम लिहिण्याआधी तो कोणाकोणाला लागू होणार, त्यांची नावं ती पडद्यावर काढून एकेक वाचते. शंभर असोत की हजार. त्यात दोन-दोन दिवस जातात. तिच्या हाताखालच्या पोरांना ते कळत नाही आणि वरच्या साहेबांना परवडत नाही. मागच्या वर्षीच्या मूल्यमापनात तिच्याबद्दल लिहिलं होतं, ‘कामात अतिशय मंद.’ तिने वाचलं आणि खाली सही केली.